तालमीच्या नावाची पट्टी

विष्णुपुरीला गोदावरी अडवली आहे. पावसाळा जोर धरतो आणि 'विष्णुपुरीचे दरवाजे उघडले' ही बातमी नांदेडच्या घराघरांत पोहोचते. नदीकाठची माणसं सामान वर काढून ठेवतात. दरवाजा वेळेवर उघडतो, कारण पावसाळ्याआधी कुणीतरी तो तपासलेला असतो, त्याला वंगण दिलेलं असतं. या धरणाच्या शंकरसागर जलाशयाच्या काठी काळेश्वराचं मंदिर आहे. जवळच १९८१ साली सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या सगळ्या संस्थांच्या अंदाजपत्रकात देखभाल-दुरुस्तीची एक ओळ असते. रक्कम कमी पडत असेल, पण ओळ असते.

गावच्या तालमीच्या वाट्याला ती ओळ कधीच आली नाही. नांदेड-लातूर पट्ट्यातल्या जुन्या तालमींचा विचार करताना मला हीच गोष्ट मुळाशी दिसते. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. कोनशिलेवर नाव येतं, बदललेल्या पत्र्यावर कुणाचंच येत नाही. म्हणूनच तालीम दुरुस्त करायला पैसे कसे उभे राहतात आणि कसे टिकतात, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

मातीचं दुखणं

तालमीचं सगळ्यात महागडं साहित्य म्हणजे हौदातली माती. आपली जमीन काळी. कापसाला आणि ज्वारीला ती सोन्यासारखी, पण कुस्तीला निरुपयोगी. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं होतात. त्यामुळे हौदासाठी तांबडी माती बाहेरून आणावी लागते. उदगीरच्या पलीकडे बीदरच्या पठाराला लागलं की जमिनीचा रंग बदलतो. ज्याला जिथली माती जवळ, तो तिथून ट्रॅक्टर भरून आणतो.

आणलेली माती तशीच हौदात ओतत नाहीत. आधी ती चाळतात. खडा राहिला तर पाठीत रुततो, काच राहिली तर पैलवान महिनाभर घरी बसतो. मग तिच्यात ताक किंवा दही, लिंबाचा रस, हळद, गोडं तेल, काव आणि कापूर घालतात. काही ठिकाणी कडुनिंबाचा पाला कुटून टाकतात. दहा-बारा पोरं फावडी घेऊन ती उलथीपालथी करतात. तेलानं माती मऊ राहते आणि धूळ उडत नाही. हळद आणि लिंबू खरचटलेल्या अंगाची काळजी घेतात, अशी वस्तादांची पिढ्यान् पिढ्यांची समजूत. तयार माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टिचकी मारली की तो फुटतो. वस्ताद आधी ही मूठ पाहतो आणि मगच पोरांना हौदात उतरू देतो.

पण एकदा मळली म्हणजे माती कायमची झाली असं नाही. ती रोज उकरावी लागते. पहाटे हौद फावड्यानं खणणं ही व्यायामाची पहिली पायरीच असते. मधूनमधून पाणी शिंपडावं लागतं, सणावाराला तेल-ताक घालावं लागतं आणि काही वर्षांनी वरचा थर काढून नवी माती भरावी लागते. शिळ्या, दमट मातीनं अंगावर गजकर्ण उठतं. मग घरचे पोराला तालमीत पाठवत नाहीत आणि तालीम ओस पडायला सुरुवात होते.

इमारतीचं दुखणं वेगळं, पण त्याचं मूळही जमिनीतच आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि भिंतीला तिरपी भेग पडते. भेगेतून पाणी शिरतं. वर पत्रा सडलेला असेल तर श्रावणात हौदात चिखल होतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरलेला हवा. आधी छत, मग भिंतीभोवती पाण्याचा निचरा, मग भेगा आणि सगळ्यात शेवटी माती. बऱ्याच गावांत हा क्रम उलटा होतो. हौशीनं नवी माती भरली जाते, फोटो निघतात आणि पहिल्याच पावसात ती माती वाया जाते. वर्गणी देणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

गाव सोडून गेलेले मल्ल

या दुर्लक्षाची किंमत मराठवाड्यानं मोजली आहे. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ साली बेळगावात त्यांनी मल्ल सतपालला हरवलं. ती कुस्ती पाहिलेली माणसं आजही तिची गोष्ट जागेवरून उठून हातवारे करत सांगतात. बिराजदार घडले कोल्हापुरात, आणि वस्ताद म्हणून त्यांनी आयुष्य दिलं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीला. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवारही लातूर जिल्ह्यातलेच. त्यांचं कुस्ती संकुल पुण्यात कात्रजला आहे. २०२० च्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत त्यांच्याच दोन पठ्ठ्यांत झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर जिंकला, लातूरचा शैलेश शेळके उपविजेता ठरला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. तोही आधी बिराजदारांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखाली घडला, पुण्यातच.

मल्लांनी मोठ्या तालमीत जावं, यात वावगं काही नाही. पण पुण्याला जाण्याआधी पोराला कुस्तीची गोडी गावातच लागायला हवी. सहाव्या-सातव्या वर्षी नारळावरची कुस्ती खेळून, गुडघे फोडून घेऊन तो घरी यायला हवा. तो पहिला हौद गावात नसेल, तर पुण्याच्या तालमीचं दार ठोठावणारं पोरगं निपजणार कुठून? ज्याच्या बापाला खोलीचं भाडं आणि खुराक परवडतो, तेवढंच पोरगं मग पैलवान होईल. गावची तालीम गरिबाच्या पोराला फुकट मिळालेली पहिली संधी असते, आणि ती गेली की सगळ्यात आधी तोच बाहेर फेकला जातो.

या भागात तालमीला आणखी एक इतिहास आहे. निजामाच्या राजवटीत आर्य समाजानं उदगीर, लातूर, नांदेड भागात तरुणांना संघटित केलं. त्यात व्यायामशाळांचा मोठा वाटा होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांना धीर देणारी जी ठिकाणं होती, त्यांत जोर-बैठकांचे आखाडेही होते. ज्यांच्या नावानं विष्णुपुरीला विद्यापीठ उभं आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याची ही बाजू आपण विसरता कामा नये.

पैसा कुठून येतो

गावाकडे पैसा नसतो, असं म्हणणाऱ्यानं एकदा अखंड हरिनाम सप्ताहाची तयारी पाहावी. पंधरा दिवस आधी पावती पुस्तकं निघतात. कुणी ज्वारीचं पोतं देतो, कुणी साखरेचे कट्टे, कुणी एका दिवसाच्या पंगतीचा खर्च उचलतो. काल्याच्या दिवशी अख्खं गाव जेवून उठतं आणि उरलेला शिधा वाटला जातो. हा पैसा सरकारी नसतो, तो गावच्या घामाचा असतो.

कुस्तीलाही पैसा मिळतो. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट आणि लावणीच्या फडांबरोबर तिथं कुस्त्यांची दंगल होते. अशाच छोट्या यात्रा गावोगाव भरतात. हलगी कडाडते, पोरं शड्डू ठोकत मैदानात फिरतात, पंच जोड लावतात. मग भोंग्यावरून पुकारा सुरू होतो : अमुक पाटलांकडून पाचशे एक, तमुक सावकारांकडून अकराशे. दोन पैलवानांचं इनाम बघता बघता वाढत जातं. देणारा उभा राहून फेटा सावरतो, गर्दी टाळ्या वाजवते. दिलेला पैसा चारचौघांत ऐकू येतो आणि लगेच मातीत उतरतो. दान गोळा करण्याची याहून चांगली पद्धत आपल्याकडे दुसरी नाही.

पण तो पैसा मल्लाबरोबर निघून जातो. मल्ल अनेकदा परगावचा असतो. त्याचा तो हक्कच आहे, वर्षभराचा खुराक तो त्यातूनच काढतो. ज्या गावाच्या नावानं दंगल भरली, त्या गावच्या तालमीला मात्र त्यातलं काही मिळत नाही.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून लोकांचं देणं फेडलं. माणसाला ऑलिम्पिकला पाठवायला लोक घर गहाण टाकायला तयार झाले. त्याच माणसाच्या नावानं गोळेश्वरला कुस्ती संकुल उभं करायचं ठरलं, तेव्हा काय झालं? २००९ साली घोषणा झाली. वर्षं सरत गेली, काम अडून राहिलं. शेवटी २०१७ साली खाशाबांच्या कुटुंबानं जाहीर केलं, की संकुलासाठी पैसा उभा करायला ऑलिम्पिक पदकाचा लिलाव करू. आता १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी प्रत्येक तालुक्यानं आपल्या एका तरी तालमीचं छत तपासावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

बर्फाची मैदानं आणि तोच प्रश्न

हा प्रश्न एकट्या आपला नाही. कॅनडात छोट्या गावाचं हृदय म्हणजे तिथलं आइस हॉकीचं मैदान, म्हणजे आइस रिंक. छपराखाली, जमिनीत नळ्या टाकून यंत्रानं थंडी पोहोचवतात आणि बर्फाचा थर गोठवतात. अनेक गावांत थंडी निर्माण करणाऱ्या या यंत्रणेत अमोनिया वायू असतो. यंत्र जुनं झालं की धोका वाढतो. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी फर्नी नावाच्या छोट्या गावात जुन्या यंत्रणेतून अमोनियाची गळती झाली आणि तिघांचा जीव गेला. लोकांना पैसे उभे करता यावेत म्हणून कॅनडात २००६ पासून 'हॉकीव्हिल' नावाची स्पर्धा घेतात. आपल्या रिंकवर गावाचं किती प्रेम आहे हे गाव दाखवतं, देश मतदान करतो आणि जिंकणाऱ्या गावाला रिंकच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम मिळते. पैसा दुरुस्तीसाठी आहे, हे तिथं उघड सांगितलं जातं आणि त्याचा अभिमान बाळगला जातो.

भारतातली दोन उदाहरणंही बोलकी आहेत. सिमल्याची रिंक १९२० सालची. ती उघड्यावर आहे आणि थंडीच्या रात्री पाणी नैसर्गिकरीत्या गोठवून चालते. तिचा क्लब आहे, सभासद आहेत, आणि शंभर वर्षांनंतरही ती चालू आहे. ऊन वाढत चालल्यानं तिचा हंगाम आखडतो आहे, तरी तिला राखणारी माणसं आहेत. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठ्या खर्चानं आधुनिक रिंक बांधली. स्पर्धा झाल्या, रिंक बंद पडली आणि कित्येक वर्षं तशीच राहिली. २०२५ साली ती पुन्हा सुरू झाली. एका ठिकाणी खर्च थोडा आणि राखणारे कायमचे. दुसऱ्या ठिकाणी खर्च प्रचंड, पण रोजचा खर्च कुणी उचलायचा हेच ठरलेलं नाही. बर्फ असो की तांबडी माती, निकाल सारखाच लागतो.

लातूरचा एप्रिल, नांदेडची कारसेवा

राखणीसाठी पैसा मिळतच नाही, हे मात्र खरं नाही. आपल्याच भागानं ते खोटं ठरवलं आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. देशभर बातमी झाली. त्याच दिवसांत लातूरच्या लोकांनी 'जलयुक्त लातूर' ही चळवळ उभी केली आणि मांजरा नदीचं सुमारे अठरा किलोमीटर पात्र लोकवर्गणीतून खोल आणि रुंद करायला घेतलं. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, पेन्शनर, विद्यार्थी सगळ्यांनी दिलं. ते दुरुस्तीचंच काम होतं, कारण नदी आधीपासून होतीच आणि फक्त गाळ काढायचा होता. लोकांनी का दिलं? काम डोळ्यांसमोर होतं, यंत्र चालताना दिसत होतं, आणि न केल्यास काय होतं ते घरातल्या रिकाम्या घागरीनं शिकवलं होतं.

नांदेडला याहून जुना धडा आहे. सचखंड श्री हजूर साहिबची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. गुरुद्वाऱ्याचं बांधकाम, डागडुजी, साफसफाई यांसाठी शीख समाजात कारसेवा होते. लक्षाधीश माणूसही डोक्यावर घमेलं घेतो, लंगरमध्ये भांडी घासतो. पैसा देणारा आणि कष्ट करणारा असे दोन वर्ग तिथं पडत नाहीत. राखण हे हलकं काम आहे, अशी भावना तिथं शिरतच नाही. गावच्या तालमीला याचं अनुकरण सहज जमेल. पत्रा चढवायला मिस्त्री लागेल, पण माती चाळायला, भिंत घासायला, चुना द्यायला पैलवानच पुरेत. वर्षातला एक रविवार जुन्या-नव्या पैलवानांनी तालमीला दिला तर मजुरीचा मोठा भाग वाचतो आणि पन्नाशी उलटलेला जुना मल्ल पुन्हा हौदाजवळ येतो.

हिशेबाची गोष्ट

सरकारी वाटाही घ्यायलाच हवा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत व्यायामशाळा विकासासाठी अनुदान मिळतं. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी असतो. पण हा पैसा मुख्यतः बांधकामाकडे आणि साहित्याकडे वळतो. मॅट मिळेल, पण तिचं फाटलेलं आवरण बदलायला पुढच्या वर्षी कुणी येणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला पैसा देता येतो, कंपनी कायदा २०१३ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी आणि हिशेब तपासलेले हवेत. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाची नोंदणी नसेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आयकर कायद्याखाली मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर सवलत मिळू शकते, मात्र दोन हजार रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या गावच्या माणसाकडून पैसे मागायचे तर ही माहिती तालमीच्या पंच कमिटीकडे तयार असावी.

खरा आधार मात्र गावची पट्टीच. समजा गावात चारशे उंबरे आहेत. घरटी वर्षाला शंभर रुपये धरले तर चाळीस हजार होतात. यात्रेत पुकारलेल्या इनामाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे पाच रुपये तालमीच्या नावानं वेगळे काढले तर त्यात आणखी भर पडते. मल्लाचं इनाम कापायचं नाही, देणाऱ्यानंच वर पाच द्यायचे. ही रक्कम मोठी नाही, पण ती दरवर्षी येते. पत्रा सडायच्या आधी त्याला रंग लागतो, भेग रुंदायच्या आधी बुजते, माती शिळी व्हायच्या आधी बदलते. दहा वर्षांनी लाखो रुपयांची दुरुस्ती काढावी लागत नाही.

त्यासोबत तीन गोष्टी पाळायला हव्यात. जमाखर्च तालमीच्या दारावरच्या फळ्यावर लिहावा, नावानिशी आणि रकमेनिशी. दुरुस्तीचं काम वर्गणीदारांच्या डोळ्यांदेखत व्हावं, कारण लातूरकरांनी दिलं ते यंत्र चालताना पाहून. आणि दुरुस्तीत मुलींचा विचार पहिल्या दिवसापासून असावा. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. ज्या तालमीत कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, तिथं गावातली मुलगी येणार कशी? निम्म्या गावाला आत घेतलं तर वर्गणीही अख्ख्या गावाची येईल. मुलीसाठी पावती फाडताना आई हात आखडता घेणार नाही.

हौदाची माती रोज उकरल्याशिवाय टिकत नाही, हे पैलवानाला पहिल्या दिवशी शिकवतात. गावानं तोच नियम भिंतीला, छताला आणि पैशाला लावायचा आहे. दिवाळी झाली की थंडी पडेल, यात्रांच्या बैठका सुरू होतील, पावती पुस्तकं छापायला जातील. त्या पुस्तकात देवाची, पंगतीची आणि दंगलीची पट्टी लिहिली जाते. या वर्षी एक ओळ वाढवा आणि तिच्यापुढे तालमीचं नाव घाला. ती ओळ पुढच्या वर्षीच्या पुस्तकातही छापली जाईल, याची जबाबदारी गावातल्या दोन माणसांवर आजच सोपवा.